पंडित रामनारायण : साथीच्या जागेवरून पुढे आलेली सारंगी

मंद्रसप्तक

सारंगीवादक पं. रामनारायण नोव्हेंबर २०२४ मध्ये मुंबईत वारले. ९६ वर्षांचे होते. त्यानंतर जे लेख वाचले त्यांत ‘सारंगीला मैफलीत मानाचं स्थान मिळवून दिलं’ हे वाक्य हमखास भेटलं. वाक्य खरं आहे, पण त्यावरून या माणसानं नेमकं काय केलं ते काही कळत नाही. म्हणून हा धागा.

जन्म २५ डिसेंबर १९२७, उदयपूरजवळच्या गावात. वडील नाथूजी बियावत दिलरुबा हे तंतुवाद्य वाजवायचे. घराण्याची वंशावळ सांभाळणारे गंगागुरू एक लहानशी सारंगी घरी ठेवून गेले होते, ती सहाएक वर्षांच्या रामनारायणांच्या हाती लागली. वडिलांना हे फारसं रुचलं नव्हतं. सारंगी म्हटली की कोठा, म्हणजे तवायफांचं गाणं, हे लोकांच्या मनात पक्कं बसलेलं होतं. तरीही त्यांनी मुलाला बोटं कशी ठेवायची ते स्वतःच शिकवलं. पुढे जयपूरच्या महबूब खाँकडे पाठवायचं घाटत होतं. खाँसाहेब म्हणाले, बोटांची ठेवण बदलावी लागेल. वडिलांनी तो विचारच सोडून दिला. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते. घराणेदार सारंगियांच्या हाताचं जे वळण असतं, ते या हाताला लागलंच नाही. एका दिलरुबावाल्यानं मुलासाठी शोधलेली बोटं पुढे जगभर ऐकली गेली.

त्यानंतरचे गुरू बघा. उदयपूरचे उदयलाल, जे अल्लाबंदे आणि झाकिरुद्दीन खाँ डागर यांच्याकडे शिकले होते. म्हणजे धृपद या जुन्या गायकीचा आलाप, तालाशिवाय संथपणे राग उलगडणं. मग माधवप्रसाद, त्यांच्याकडे ख्याल. आणि लाहोरला किराणा घराण्याचे उस्ताद अब्दुल वहीद खाँ. हातात सारंगी असली तरी हा मुलगा सगळा वेळ गाणंच शिकत होता. त्यांचा आलाप ऐकताना वाद्य ऐकतोय याचा विसर पडतो, त्याचं मूळ मला इथे दिसतं.

लाहोरची हकीकत अनेकांना माहीत असेल. १९४४ च्या सुमारास ते रेडिओवर गायक म्हणून नोकरी मागायला गेले. तिथले संगीत निर्माते जीवनलाल मट्टू यांचं लक्ष त्यांच्या नखांकडे गेलं. नखांवर खाचा होत्या. गायक म्हणून आलेला मुलगा सारंगिया म्हणून रुजू झाला. फाळणीनंतर दिल्लीचं केंद्र. तिथे ओंकारनाथ ठाकूर, बडे गुलाम अली खाँ, कृष्णराव शंकर पंडित, हिराबाई बडोदेकर अशा मोठमोठ्यांची साथ केली. काही गवयांची तक्रार असे की हा मुलगा फार पुढे पुढे करतो. त्यांचं स्वतःचं म्हणणं असं की गवयाला सुरात ठेवणं आणि त्याला सुचवत राहणं हे साथीदाराचं कामच आहे. दोन्ही बाजू मला पटतात. पण ज्याच्या डोक्यात पूर्ण राग उभा आहे त्यानं दर वेळी गवयाचा आलाप संपायची वाट बघायची आणि मग त्याचं शेपूट तेवढं धरायचं, हे किती दिवस चालणार?

१९४९ मध्ये ते मुंबईला आले. पोटापाण्याला सिनेमा होता, ओ. पी. नय्यर यांना त्यांची सारंगी विशेष आवडायची. एचएमव्हीनं १९५० मध्ये त्यांच्या ७८ फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकाही काढल्या. पण मैफल ही वेगळीच परीक्षा. १९५४ मध्ये कावसजी जहांगीर हॉलमधल्या एका संमेलनात ते एकटे वाजवायला बसले आणि श्रोत्यांनी त्यांना वाजवू दिलं नाही. पुढे बड्या कलाकारांची नावं होती, लोकांना त्यांची घाई होती, सारंगीवाला एकटा का बसलाय हेच कुणाला उमगेना. सारंगीच सोडून द्यावी असं तेव्हा त्यांच्या मनात आलं होतं. मग छोट्या बैठकांतून पुन्हा वाजवायला लागले, आणि १९५६ मध्ये मुंबईतल्याच एका संमेलनात लोकांनी त्यांना मनापासून ऐकलं. तिथून पुढे हळूहळू साथ सुटली. १९६४ मध्ये थोरले बंधू, तबलावादक चतुरलाल यांच्याबरोबर युरोपचा दौरा झाला. नंतरचा प्रवास आपल्याला ठाऊक आहे : १९७६ मध्ये पद्मश्री, १९९१ मध्ये पद्मभूषण, २००५ मध्ये पद्मविभूषण.

पद्म पुरस्कारांपेक्षा मला ती दोन वर्षं मोठी वाटतात, १९५४ ते ५६. हॉल तसाच, श्रोता तसाच, वाद्यही तेच. हा माणूस फक्त हटला नाही.

माझं म्हणणं इतकंच की त्यांनी साथ ‘टाकली’ असं जे बोललं जातं ते अपुरं आहे. गवयांच्या मागे बसून जे गोळा केलं तेच त्यांनी पुढे बसून मांडलं. तुम्हाला काय वाटतं?

रानजाई

फार छान लिहिलंय. एक प्रश्न आहे, अगदी प्राथमिक. नखांवर खाचा कशा पडतात? सतार-सरोदसारखं छेडतात का, आणि तेही नखांनी?

गजधर

रानजाई, मी सारंगी शिकतो आहे, म्हणून सांगतो. छेडत नाहीत, गजानं, म्हणजे व्हायोलिनच्या बोसारख्या काठीनं वाजवतात. डाव्या हाताची बोटं तारेवर वरून दाबायची नसतात. नखाचं मूळ, म्हणजे जिथे नख आणि कातडी मिळते ती जागा, तारेच्या कुशीला बाजूनं टेकवायची आणि सरकवायची. पडदे नाहीत, कुठे थांबायचं हे कानानंच ठरवायचं. मुख्य तारा तीन, त्या आतड्याच्या, म्हणजे तातीच्या. बोट सरकावं म्हणून पावडर लावतात. सुरुवातीचे महिने कातडी सोलवटते, मग घट्टा पडतो, आणि नखावर खाच येते ती कायमची.

खाली तरफेच्या पस्तीसेक धातूच्या तारा. तुम्ही गंधार लावला की गंधाराची तरफ आपोआप बोलते. सूर एक केसभर इकडे तिकडे झाला की ती गप्प राहते. शिकणाऱ्याचा सगळ्यात कडक परीक्षक तोच.

हेच या वाद्याचं दुखणंही आहे. पावसाळ्यात तात सैल पडते, वाद्यावर ताणलेलं कातडं ओलावा धरतं, आणि वाजवायच्या आधी अर्धा-पाऊण तास नुसत्या खुंट्या पिळण्यात जातो. रामनारायणजींनी उभं आयुष्य मुंबईच्या दमट हवेत हे वाद्य सांभाळलं याचंच मला आधी आश्चर्य वाटतं.

जुनी_बैठक

मराठी माणसाला सारंगी परकी नव्हती, हे या धाग्यावर नोंदवलं पाहिजे. गंधर्व नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवा आणि सारंगीवर कादरबक्ष अशी जोडी होती. बालगंधर्वांचं पद रंगायचं त्यात कादरबक्षांच्या सारंगीचा वाटा किती होता, हे आमच्या घरातली जुनी मंडळी डोळे मिटून सांगायची. म्हणजे आपल्याकडे सारंगी घराघरांतल्या लोकांनी ऐकली ती नाटकाच्या थिएटरात, बायकामुलांसकट, आणि कुणाला त्यात गैर वाटलं नाही.

दुसरी गोष्ट. अब्दुल करीम खाँसाहेब लहानपणी सारंगी शिकले होते. अमीर खाँचे वडील शाहमीर खाँ इंदूरचे सारंगिये. बडे गुलाम अली खाँनीही उमेदीच्या काळात सारंगी वाजवली. ज्या ख्यालगायकीवर आपण जीव टाकतो, तिच्या मुळाशी सारंगियांची घरं आहेत. पण सारंगी खाली ठेवून गायला लागल्यावरच त्यांना ‘खाँसाहेब’ म्हणून मान मिळाला. रामनारायणजींनी सारंगी खाली ठेवली नाही आणि तरीही मान मिळवला. माझ्या मते त्यांचं खरं मोठेपण हे आहे.

मंद्रसप्तक

जुनी_बैठक, अगदी नेमकं बोललात. त्यात एक धागा मी जोडतो. हिराबाई या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या कन्या, पण त्यांची बरीचशी तालीम अब्दुल वहीद खाँकडे झाली. रामनारायणजीही वहीद खाँचेच शिष्य. म्हणजे दिल्लीच्या रेडिओवर हिराबाई गात होत्या आणि मागे रामनारायण वाजवत होते, तेव्हा एका गुरूची दोन माणसं समोरासमोर होती. एकेका सुराला वेळ देत राग उलगडत नेणारी किराण्याची ती बढत दोघांकडे आहे. हिराबाईंचं विलंबित आणि रामनारायणजींचा आलाप पाठोपाठ ऐका, नातं लगेच कळेल.

पांढरी_चार

धागा मनापासून आवडला, पण मला थोडं वेगळं म्हणायचं आहे. मी पेटीवादक आहे, त्यामुळे माझी बाजू लगेच ओळखाल.

रामनारायणजी थोर होते यात वादच नाही. पण त्यांच्या यशाचा सारंगीच्या साथीला काय फायदा झाला? त्यांच्यानंतर सारंगी शिकणाऱ्या हुशार मुलांपुढे एकच स्वप्न उरलं, एकटं बसून वाजवायचं. गवयाच्या मागची जागा रिकामी झाली आणि ती पेटीनं भरून काढली. आज पेटीवाल्यांना दोष देतात की तुम्ही सारंगी हटवली. गोविंदराव टेंबे, अप्पा जळगावकर, गोविंदराव पटवर्धन, तुळशीदास बोरकर ही माणसं काय कुणाची जागा बळकवायला बसली होती? त्यांनी पेटीवर सुरांचा असा सलगपणा आणला की पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर सरकत जाणं, नाही हे श्रोता विसरून जायचा. गवयाला हवं होतं लगेच सुरात मिळणारं, मैफल चालू असताना न उतरणारं, प्रवासात न मोडणारं वाद्य. ते पेटीनं दिलं.

आकाशवाणीनं १९४० पासून १९७१ पर्यंत पेटीवर बंदी ठेवली होती. एवढं संरक्षण मिळूनही सारंगी मागे पडली, याचा विचार सारंगीप्रेमींनी करायला हवा.

मंद्रसप्तक

पांढरी_चार, तुमचा मुद्दा टाळण्यासारखा नाही. जळगावकरांची किंवा बोरकर गुरुजींची साथ ज्यानं ऐकली आहे तो पेटीला नावं ठेवणार नाही. मीही ठेवत नाही.

पण त्या बंदीकडे दुसऱ्या बाजूनंही बघा. लाहोर केंद्रावर रामनारायणजींना नोकरी मिळाली ती बंदीच्याच काळात. पेटी नव्हती म्हणून केंद्राकेंद्रांवर सारंगिये नेमावे लागत. त्या पगारानं एक पिढी जगली. मात्र पगार मिळाला म्हणून प्रतिष्ठा मिळाली असं झालं नाही. जुन्या ध्वनिमुद्रिकांवर गवयाचं नाव ठळक, आणि सारंगी कुणाची हे पुष्कळदा छापलेलंच नसतं. ज्या कामाला नाव नाही त्या कामात हुशार मुलगा आयुष्य घालवणार नाही. साथीची जागा रिकामी होण्याचं कारण मी तिथे शोधतो. एकटं वाजवून नाव मिळवणाऱ्याकडे बोट दाखवणं मला पटत नाही.

आणि एक सांगू? ते स्वतंत्र वादनाकडे वळले नसते तर आज सारंगी शिकायला कोण पुढे आलं असतं, हाही प्रश्न विचारायला हवा.

पांढरी_चार

नाव न छापण्याबद्दल पूर्ण सहमत. ते आम्हा पेटीवाल्यांच्याही वाट्याला आलंच आहे. साथीच्या जागेबद्दल मात्र माझं मत बदललेलं नाही. गवयाचा सूर हवेत असतानाच त्याच्या सावलीसारखी येणारी सारंगी आजच्या तरुण श्रोत्यानं मैफलीत क्वचितच ऐकली असेल, आणि ते नुकसान मला पेटी वाजवतानाही जाणवतं.

अनाहत

एक दुरुस्ती सुचवते. ‘सारंगी पहिल्यांदा एकटी वाजवली ती रामनारायण यांनी’ असं या धाग्यावर कुणी लिहिलेलं नाही, पण इतरत्र सर्रास लिहितात. त्यांच्या आधी बुंदू खाँ होते. इंदूरच्या होळकर दरबारातले, फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, १९५५ मध्ये वारले. रेडिओवर त्यांचं स्वतंत्र वादन होत असे. बनारसच्या गोपाल मिश्रांचं नावही विसरून चालणार नाही. रामनारायणजींचं वेगळेपण असं की त्यांनी पुढे साथ पूर्णपणे बाजूला ठेवली, आणि बिनतालाच्या आलाप-जोडापासून तबल्याबरोबरच्या गतीपर्यंतची पूर्ण मांडणी सतार-सरोदाच्या तोडीनं सारंगीवर उभी केली. मैफलीचा मुख्य कलाकार सारंगिया असू शकतो, हे तिकीट काढून येणाऱ्या श्रोत्याला त्यांनी पटवलं.

शिष्यांबद्दलही लिहायला हवं. कन्या अरुणा नारायण सारंगी वाजवतात. सारंगी हे बायकांचं वाद्यच नाही असं मानलं जायचं त्या काळात वडिलांनी मुलीला बसवून शिकवलं, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मुलगा ब्रिजनारायण सरोदवादक, नातू हर्ष नारायण पुन्हा सारंगीकडे. मुंबईत एनसीपीए या कलाकेंद्रात रामनारायणजींनी काही काळ शिकवलं. आणि ध्रुव घोष! तबलावादक निखिल घोष यांचे चिरंजीव, म्हणजे बासरीवाल्या पन्नालाल घोष यांचे पुतणे. २०१७ मध्ये साठीच्या आतच गेले. विचार करून वाजवणारा आणि तितकंच नीट समजावून सांगणारा असा माणूस विरळा. ते आणखी वीस वर्षं असते तर मुंबईत सारंगीचं चित्र वेगळं दिसलं असतं असं मला मनापासून वाटतं.

तिरकिट

तबलेवाल्याकडूनही दोन शब्द. आमच्यासाठी सारंगी म्हणजे लेहरा. तबल्याचं स्वतंत्र वादन असतं तेव्हा एकच ओळ तासभर, लयीत केसाचाही फरक न करता वाजवत राहायची, हे काम बाहेरून सोपं दिसतं. प्रत्यक्षात लेहरा धरणारा पक्का नसेल तर तबलजीचा कायदा, म्हणजे ठरावीक बोलांचा विस्तार, कोसळतो. पेटीवरचा लेहरा स्वच्छ असतो, त्यात शंका नाही. पण सारंगीच्या लेहऱ्यात समेकडे, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेकडे, येताना गज जो ओढ देतो, त्यानं तबला वाजवणाऱ्याच्या अंगात वेगळंच काहीतरी येतं. हे लिहून नीट सांगता येत नाही.

रामनारायणजींच्या घरातच तबला होता. चतुरलालजी पन्नाशीच्या दशकात रविशंकर आणि अली अकबर खाँ यांच्याबरोबर परदेशात गाजले, आणि १९६५ मध्ये ऐन उमेदीत गेले. भाऊ आणि हक्काचा तबलजी एकदमच गेला. पुढे साठीच्या दशकाच्या अखेरीपासून आपले पं. सुरेश तळवलकर त्यांच्याबरोबर पुष्कळदा वाजवू लागले. तळवलकर गुरुजींच्या तबल्यात गाण्याचा जो विचार दिसतो, त्याला अशा वादकांच्या सहवासाचा हातभार लागला असणार असं मला वाटतं. त्या दोघांचं एकत्र ध्वनिमुद्रण मिळालं तर ठेक्याकडे लक्ष द्या. आलापाची शांतता न मोडता ताल सुरू करणं किती अवघड असतं ते कळेल.

गजधर

तिरकिट, लेहऱ्याबद्दल शंभर टक्के. आमच्या गुरुजींनीही आधी लेहराच धरायला लावला. रागाकडे नंतर वळलो. ते म्हणतात, एक ओळ सरळ वाजत नसेल तर राग कसा वाजेल?

पांढरी_चार, तुमच्या त्या मुद्द्यावर शिकणारा म्हणून सांगतो. माझ्याबरोबरच्या मुलांना साथ करायची आहे. अडचण संधीची आहे. गवयाला सारंगी हवी असते, पण तालमीला नको असते. मैफलीच्या दिवशी थेट भेटायचं आणि लगेच सावलीसारखं वाजवायचं, हे होत नाही. गवयाच्या गळ्याची सवय व्हायला महिने लागतात. रामनारायणजींना रेडिओच्या नोकरीत रोज वेगवेगळे गवई मिळाले, आम्हाला ती शाळा नाही. कुणी गायक इथे वाचत असतील तर त्यांना एवढीच विनंती, रियाजाला सारंगीवाल्या पोराला बोलवा.

रानजाई

गजधर, नखांचं उत्तर दिलंत, आभारी आहे. आता मला ऐकायचं आहे. सुरुवात कुठून करू? मला रागांचं फारसं कळत नाही.

अनाहत

रानजाई, पटदीप घ्या. आपल्या कानाला ओळखीचा आहे, नाट्यपदांतून तो घरात येऊन गेलेला आहे. त्यांचा भूपाल तोडी सकाळी ऐका, पाचच सुरांत ते किती फिरतात बघा. ललत मात्र घाईत ऐकू नका. त्यात दोन्ही मध्यम शेजारी शेजारी येतात, आणि पडदे नसलेल्या वाद्यावर एका मध्यमावरून दुसऱ्यावर जाताना मधली वाटही ऐकू येते. पेटीवर ती वाट नाही, सतारीवर तार ओढून थोडी मिळते, गळ्यात आणि सारंगीत मात्र पूर्ण आहे.

मंद्रसप्तक

त्यात पुरिया कल्याणची भर घाला. आणि रानजाई, गत सुरू व्हायची वाट बघू नका. आलापातला पहिला षड्ज ते किती वेळ धरतात आणि गज उलटा फिरतानाही तो कसा तुटत नाही, तिथे कान लावा. ऐकून झालं की इथेच लिहा. पांढरी_चार, तुमच्याकडे जळगावकरांच्या साथीची जी ध्वनिमुद्रणं आहेत त्यांतली कोणती आधी ऐकावीत तेही सांगा. साथीवर वेगळा धागा काढायचा तर तो तुम्हीच काढावा.